एकाच शेंड्याचे झाड

ताडाच्या कुळातील झाडांचे पानांच्या घडणीवरून दोन ढोबळ गट पडतात. नारळ, सुपारी आणि शिंदी यांच्या पानांत मधल्या लांब दांड्याच्या दोन्ही अंगांना अरुंद पर्णिका ओळीने लागलेल्या असतात. ताडाच्या पानात मात्र सगळ्या शिरा देठाच्या टोकाशी एकत्र येतात आणि तेथून पाते चहूकडे पसरते, म्हणून अशा पानाला पंखाकार म्हणतात. पंखाकार पानांची ही झाडे रोपवाटिकांत फॅन पाम या नावाने ओळखली जातात. नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी नव्या सिमेंटच्या घराच्या पायरीशी, दवाखान्याच्या ओसरीत किंवा मंगल कार्यालयाच्या दाराशी कुंडीतला जो पाम दिसतो, तो बऱ्याचदा याच गटातला, चायना पाम म्हणून विकला जाणारा असतो. त्याच मुखेडहून देगलूर-बिलोलीच्या बाजूने तेलंगणाकडे निघाले की बांधांवर आणि ओढ्याकाठी प्रत्यक्ष ताड उभा दिसू लागतो. एकाला घरात मानाची जागा मिळाली आणि दुसरा शिवारातच राहिला, तरी दोघांची शरीररचना एकच आहे. त्यामुळे घरातल्या पामची निगा कशी राखावी या प्रश्नाचे उत्तर बांधावरच्या ताडाकडे पाहिल्यावर अधिक लवकर सापडते.

ताडकुळात जगभरच्या सुमारे २,६०० जाती मोजल्या जातात आणि त्यांतील बहुतेक सर्व पंखाकार पानांच्या जाती एकाच उपकुळात येतात. या उपकुळाची एक खूण कोणालाही तपासता येते. पानाचा पट्टा आडवा कापून पाहिला तर त्याची घडी वर उघडणारी असते, तिच्यावर पाणी पडले तर ते आत साचेल. नारळाच्या आणि सुपारीच्या पर्णिकेची घडी पालथी असते, तिच्यावरचे पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जाईल. शिंदीचे पान दिसायला नारळाच्या पानाच्या जातीचे असले तरी तिची घडी वर उघडते, आणि या व इतर लक्षणांवरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी शिंदी आणि खजूर यांना ताडाच्याच उपकुळात बसवले आहे. बांधावर शेजारी उभे असलेले ताड आणि शिंदी पाहणाऱ्याला परके वाटले तरी नारळापेक्षा ते एकमेकांना जवळचे आहेत. पंखाकार पानावरच्या चिरांबद्दलही असाच एक गैरसमज आढळतो. वाऱ्याने किंवा मुलांनी पान फाडले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात कोवळे पान घडी घातलेल्या अखंड पात्याच्या रूपात जन्मते आणि उमलताना घडीच्या ठरलेल्या रेषांवरच विलग होते. चायना पामची टोके तर खाली लोंबण्यासाठीच असतात, आणि ती कात्रीने गोल छाटून नीटनेटकी करण्याची हौस निष्कारण आहे.

या कुळाचे खरे वैशिष्ट्य मात्र पानात नसून खोडात आहे, आणि ते समजण्यासाठी मराठवाड्यात कोणाला प्रयोगशाळेची गरज पडू नये. ज्वारीचे धाट विळ्याने आडवे कापले तर आतल्या भुसभुशीत गाभ्यात रसवाहिन्यांचे ठिपके विखुरलेले दिसतात. त्यात लिंबा-बाभळीच्या बुंध्यात असते तसे सालीखालचे वाढीचे कडे नसते. ताड आणि ज्वारी ही दोन्ही एकदल वनस्पतींच्या मोठ्या वर्गातली असून ताडाचे खोड म्हणजे अशाच विखुरलेल्या वाहिन्यांचा, पण कठीण तंतूंनी आवळलेला खांब असतो. वाढीचे कडे नसल्यामुळे त्यावर वर्षावलये पडत नाहीत, साल नव्याने धरत नाही आणि जखम भरून येत नाही. कडुलिंबाची फांदी तोडली तर कडेने नवी साल येऊन घाव बुजतो. ताडाला मारलेली कुऱ्हाड किंवा पामच्या खोडाला आवळून बांधलेली तार यांची खूण झाड असेपर्यंत राहते. शिंदीचा रस काढण्यासाठी शेंड्याखाली खोडच तासावे लागते, त्यामुळे जुन्या शिंदीच्या अंगावर एकावर एक खाचा दिसतात आणि तिच्यापासून किती हंगाम रस घेतला गेला हे त्यांवरून ताडता येते. ताडाच्या बाबतीत रस खोडातून न काढता फुलोऱ्याच्या दांड्यातून काढतात, म्हणून त्याचे अंग तुलनेने स्वच्छ राहते. दुष्काळाचीही नोंद अशीच होते. ज्या वर्षी झाडाला पाणी आणि अन्न कमी पडते त्या वर्षी वाढलेला खोडाचा भाग बारीक निपजतो, आणि पुढे कितीही चांगले पावसाळे गेले तरी तो बारीकपणा भरून निघत नाही. उंच झाडाच्या मध्येच आवळलेली कंबर दिसली तर ती जुन्या टंचाईची निशाणी समजावी.

जखम भरत नाही यापेक्षाही गंभीर गोष्ट वर शेंड्यात असते. ताड, शिंदी, नारळ आणि चायना पाम यांच्या खोडाला एकच वाढबिंदू असतो. वाढबिंदू म्हणजे जिथे नवे पान आणि नवे खोड तयार होते ती पेशींची जागा; आंब्याला किंवा जास्वंदाला अशा हजारो जागा असतात, त्यामुळे शेंडा खुडला तर ती झाडे उलट अधिक फुटतात. घरातल्या पामचा शेंडा गेला तर झाडच जाते, मात्र ते लगेच कळत नाही, कारण आधी उमललेली पाने आणखी कित्येक महिने हिरवी राहतात. बागकामाचा सारा अनुभव खुडणे, छाटणे आणि वळण देणे यांवर उभा असलेल्या माणसाला हे झाड म्हणून अवघड जाते. त्याच्या बाबतीत निगा या शब्दाचा अर्थ बहुतांशी हात आवरणे असाच घ्यावा लागतो. शेंड्यातून वर आलेली बंद पानाची सुरळी ओढू नये, उलगडू नये, तिच्यावर पाणी ओतू नये आणि कुंडी हलवताना तिला धरू नये, एवढे घरातल्या लहानथोरांनी पाळले तर अर्धे काम झाले.

इतके एकजिनसी कूळ असूनही माणसाने त्याच्या जातींना वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवले. मराठवाड्यातील ताड आणि शिंदी यांची गणना गावाने कधी शोभेच्या झाडांत केली नाही. शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यायले तरी लोक त्याला शिंदीच समजतात, अशा आशयाची म्हण मराठीत आहे, आणि तिच्यात या झाडाच्या सामाजिक स्थानाचा पुरेसा उलगडा होतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ताडी आणि शिंदी यांवरील अबकारी हा राज्याच्या महसुलाचा एक मोठा झरा होता. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असले तरी त्याच्या रसावर सरकारची आणि मक्तेदाराची नजर असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्रात आजही ताडी काढण्याला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. सीमेपलीकडे तेलंगणात मात्र ताडी काढणाऱ्या गौड समाजाचा व्यवसाय राजरोस चालतो. सीमेच्या दोन बाजूंना असा फरक असताना झाडाकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी होणे स्वाभाविक आहे.

शिंदीच्या या उपेक्षेला एक अपवाद आहे आणि तो घराच्या थेट मध्यभागी घडतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी केरसुणी हळदकुंकू लावून पुजली जाते. ही केरसुणी परंपरेने शिंदीच्या पानांची बांधलेली असते आणि ती बांधण्याचे कसब प्रामुख्याने मातंग समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. ज्या झाडाला अंगणात जागा नाही त्याचे पान वर्षातून एकदा देव्हाऱ्यापाशी पोहोचते. आता प्लॅस्टिकच्या झाडूंनी हा संबंधही क्षीण केला आहे. कुंडीतला चायना पाम घरात आला तो या सगळ्या इतिहासाबाहेरून, कोऱ्या पाटीने, आणि म्हणूनच त्याला प्रतिष्ठा सहज मिळाली असे म्हणावे लागते.

त्याचा स्वतःचा इतिहास मात्र कोरा नाही. लिव्हिस्टोना चायनेन्सिस ही त्याची जात मूळची दक्षिण चीन, तैवानकडील बेटे आणि दक्षिण जपान येथली. लिव्हिस्टोना ही प्रजाती रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये वर्णिली. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील शिनह्वेई परिसरात याच झाडाची पाने वाळवून, कडा शिवून हातपंखे करण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला. म्हणजे आपल्या मायदेशी हे झाड दिवाणखान्यातले शोभेचे बाहुले नव्हते, तर राबणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. वनस्पतींचे परदेशगमन त्यांना अनेकदा असे वरच्या वर्गात नेऊन बसवते.

मुखेडला हे रोप पोहोचते ते गोदावरीच्या उलट दिशेने. मुखेडची लेंडी नदी मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते, आणि ती गोदावरी पुढे आंध्रात राजमहेंद्रवरमजवळ त्रिभुज प्रदेशात शिरते. तेथील कडियमच्या आसपासचा पट्टा रोपवाटिकांसाठी देशभर प्रसिद्ध असून महाराष्ट्रातील रोपविक्रेत्यांकडची बरीचशी शोभेची रोपे तिकडूनच मालमोटारींनी येतात. दमट हवेत, हिरव्या शेडनेटखाली आणि गाळाच्या मातीत वाढलेले रोप काही दिवसांत कोरड्या पठारावर येऊन पडते. घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्याची खालची एक-दोन पाने वाळली तर ती या स्थलांतराची किंमत समजावी. त्यावर औषध शोधू नये आणि कुंडी रोज जागा बदलून फिरवू नये. शेडनेटमधून आलेले रोप एप्रिलच्या उन्हात थेट गच्चीवर ठेवले तर पाने एका दिवसात पांढरट भाजतात, आणि भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. पूर्वेकडची ओसरी, जेथे सकाळचे ऊन दोन-तीन तास येते आणि दुपारी सावली असते, ही त्याची उत्तम जागा. जुन्या माळवदाच्या घरात ढाळजेचा दरवाजाकडचा कोपराही चालतो, पण आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेला पाम जगतो असे वाटत असते तेव्हा तो साठवलेल्या अन्नावर दिवस काढत असतो.

जातींच्या निवडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गोल, घडीदार, अखंड पानाचा लिक्युआला हा वनुआतूसारख्या पॅसिफिक बेटांवरचा रहिवासी आहे. त्याला बारमाही दमटपणा लागतो आणि मुखेडच्या वैशाखात त्याची कड करपून जाते, म्हणून चित्रात पाहून त्याचा मोह धरू नये. वॉशिंग्टोनिया हा उत्तर अमेरिकेच्या वाळवंटी भागातला पाम उन्हाला दाद देत नाही, पण तो झपाट्याने उंच होणारा असल्याने कुंडीत कोंडण्यासारखा नाही. रॅफिस हा बुटका, बेटाने वाढणारा पाम सावलीला सर्वांत सोशिक. त्याला जमिनीखालून नवे कोंब फुटत असल्यामुळे एक शेंडा गेला तरी बेट उरते, आणि धडपड्या पण विसराळू हौशी माणसासाठी या कुळात तोच बरा. उरला चायना पाम. तो मंद वाढतो, कुंडीत वर्षाकाठी मोजकीच पाने देतो, आणि त्याच्या देठांवर मागे वळलेले काटे असल्याने तो जाण्यायेण्याच्या वाटेपासून हातभर आत ठेवावा.

मातीचा प्रश्न या भागात नाजूक आहे. बेसॉल्ट खडकापासून झालेली मराठवाड्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात हा गुण पिकाला ओलावा पुरवतो, पण कुंडीत त्यामुळे मुळांभोवती एकदा चिखल आणि एकदा वीट अशी स्थिती होते. शिवाय ही माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाची असते, आणि अशा मातीत लोह व मँगनीज असूनही मुळांना ते घेता येत नाहीत. जुलैत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडली की शेतकरी लोहाच्या फवारणीकडे वळतात, त्यामागचे कारण हेच असते. पामसाठी काळ्या मातीचा एकच वाटा घेऊन त्यात जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे, कुंडीच्या तळाचे छिद्र खापराने झाकावे, पण बुजवू नये. रोप पूर्वी ज्या पातळीवर होते त्याच पातळीवर बसवावे. झाड डुलते म्हणून बुंधा खोल गाडण्याची सवय फार घातक आहे, कारण पामची नवी मुळे बुंध्याच्या तळाशी एका ठरावीक पट्ट्यातून फुटतात आणि तो पट्टा हवेअभावी कुजला तर झाड वरून पिवळे पडत जाते. कुंडी बदलायची ती मृग-आर्द्रा नक्षत्रांच्या सुमारास, कारण या कुळाची मुळे उबदार मातीत वेगाने वाढतात. थंडीत हलवलेले रोप फेब्रुवारीपर्यंत तसेच बसून राहते. मुळे कुंडीत दाटलेली असणे पामला फारसे बाधत नाही, तेव्हा दोन-तीन वर्षे त्याला त्याच घरात राहू द्यावे.

पाण्याबद्दल मात्र थांबून लिहिले पाहिजे, कारण मराठवाड्यात शोभेच्या झाडाला पाणी घालणे ही केवळ बागकामाची बाब राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जलदूत या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीच्या पहिल्या खेपेत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लीटर पाणी आले. मुखेड तालुक्याची हद्द त्याच लातूर जिल्ह्याच्या जळकोट-उदगीरला लागून आहे, आणि टँकरची वाट पाहणे या पट्ट्यातील गावांना नवे नाही. अशा प्रदेशात पाम ठेवणाऱ्याने स्वतःशी हिशेब ठेवावा हे रास्त आहे, आणि तो हिशेब वाटतो तितका अवघड नाही. भाजी, डाळ आणि तांदूळ धुतलेले पाणी एका मध्यम कुंडीला पुरते. उन्हाळ्यात बोटाची दोन पेरे खाली माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, पण देताना ते तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्यावे. रोज वरवर शिंपडलेले पेलाभर पाणी वरचा थर ओला ठेवते आणि खालची मुळे तहानलेली सोडते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे.

कमी पाण्याइतकाच वाईट पाण्याचा दोष असतो. बोअरचे पाणी जड, म्हणजे विरघळलेल्या क्षारांनी भरलेले असते; कुंडीतून पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि मातीवर व कुंडीच्या कडेवर पांढरी पुटे चढतात. मुळांतून वर गेलेले क्षार पानाच्या टोकाशी साचतात, म्हणून पामचे शेंडे तपकिरी होऊन करपतात, आणि त्याचा अर्थ पाणी कमी पडले असा लावून घरचे आणखी तेच पाणी घालतात. दोन पाणी तर कटाक्षाने टाळावीत. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते, कारण स्वच्छ पाणी पिण्यासाठी निघून गेल्यावर उरलेले क्षार त्यात एकवटतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणीही तसेच. दिवसभर बाष्पीभवन होऊन ते दाट झालेले असते, आणि कूलरच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा आहे. वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने हीच दोन पाणी कुंड्यांना मिळतात. उलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षाररहित असते, ते बादलीत धरून खुशाल वापरावे. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींत कुंडी उघड्यावर ठेवली तर साठलेले क्षार धुऊन निघतात. जिल्ह्याच्या वाट्याला जो पाऊस येतो तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो, तेव्हा ही संधी दवडली तर पुढे आठ महिने ती नाही.

पिवळ्या पानाचे काय करावे, यावर बहुतेक घरांचे उत्तर कात्री हे असते, विशेषतः दिवाळीच्या आवराआवरीत. इथे पान कोणते, हे आधी पाहावे. सर्वांत खालच्या, जुन्या पानांवर नारिंगी ठिपके पडून ती टोकाकडून वाळत असतील तर पालाशाची उणीव आहे. कडेला पिवळा पट्टा आणि मध्ये हिरवा भाग राहिला असेल तर मॅग्नेशियमची. आणि सर्वांत वरचे, नवे पानच फिके किंवा चुरगळलेले निघत असेल तर लोह किंवा मँगनीज मुळांना मिळत नाही. पालाश कमी पडतो तेव्हा झाड जुन्या पानांतला पालाश काढून नव्या पानाला देते. पिवळे पान कापले की हा साठाच जातो, झाड मग त्याच्या वरच्या पानातून पालाश उपसू लागते, आणि दरवेळी कापत गेले तर शेवटी शेंड्यावर दोन-तीन पानांचा तुरा उरतो. म्हणून पान पूर्ण तपकिरी होईपर्यंत राहू द्यावे, हे पाहुण्यांना दिसायला बरे नसले तरी. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी पामसाठी नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ अशा प्रमाणाची शिफारस केली आहे, म्हणजे नत्रापेक्षा पालाश अधिक. शेतीच्या घरात उरलेला युरिया किंवा डीएपी मूठभर कुंडीत टाकण्याची पद्धत याच्या नेमकी उलट जाते. नत्राने वाढ रेटली जाते आणि पालाशाची तूट आणखी वाढते. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, चिमूटभर पाण्यात विरघळून दिलेले अधिक उपयोगी. चुलीच्या राखेत पालाश असतो हे खरे, पण ती मातीचा विम्लपणा वाढवते, आणि तो इथे आधीच जास्त आहे.

रोगांत एकच असा आहे की ज्याच्यापुढे बाकीचे किरकोळ ठरतात, आणि त्याचा इतिहासही गोदावरीशीच जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ताडाची झाडे शेंड्यातून कुजून मरत होती. पुसा येथील सरकारी कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी या शेंडाकुजीचा अभ्यास करून १९०७ मध्ये तिचे कारण असलेल्या सूक्ष्मजीवाचे वर्णन केले. आज तो फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा या नावाने ओळखला जातो आणि नारळ, सुपारी, कोको, पपई अशा अनेक पिकांवर आढळतो. त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत जातात, म्हणून सुरळीच्या बुडाशी साचलेले पाणी हे त्याचे प्रवेशद्वार होते. घरातल्या पामला न्हाऊ घालण्याच्या नादात डोक्यावरून पाण्याचा तांब्या ओतणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे. धूळ पुसायची तर ओल्या फडक्याने पान पुसावे आणि त्यावर दूध किंवा खोबरेल तेल लावून चमक आणू नये. सुरळी हलक्या ओढीने हातात आली आणि तिच्या बुडाला कुजका वास आला तर वाढबिंदू गेला असे समजावे. अगदी आरंभी लक्षात आले तर कुजका भाग काढून बोर्डो मलम लावतात, पण कुंडीतल्या लहान रोपाला तेवढा अवधी क्वचितच मिळतो.

गेंडा भुंगा हा दुसरा शत्रू शेणखतातून घरात येतो. त्याच्या अळ्या उकिरड्यात पोसल्या जातात, आणि मोठा भुंगा कोवळी सुरळी पोखरतो. पुढे पान उमलते तेव्हा घडीवर पडलेला एकच घाव त्रिकोणी कापांच्या रूपात ओळीने उघडतो, जणू कोणी कात्रीने नक्षी केली आहे. अर्धवट कुजलेले शेणखत वापरू नये याचे कारण हेच. उन्हाळ्यात पानाच्या मागच्या बाजूस लाल कोळी आणि देठाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसतात. त्यांना निंबोळी अर्क आणि चिकाटी पुरते.

पाम घरातली हवा शुद्ध करतो, हे विक्रेत्यांचे आवडते विधान अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या १९८९ च्या एका अहवालापर्यंत मागे नेता येते. ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. पुढे २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेणाऱ्या अभ्यासकांनी दाखवले की खिडकी-दारातून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. पाम ठेवायला एवढ्या मोठ्या कारणाची गरजही नाही.

ज्याच्या घरामागे परसात खरोखर मोकळी जागा आहे त्याने कुंडीतला पाम मोठा झाल्यावर तेथे लावावा, आणि त्याच्या पलीकडे ताडाचे बी पुरण्याचाही विचार करावा. ताड रोपवाटिकेत सहसा मिळत नाही, आणि त्याचे कारण हेळसांड हे जितके आहे तितकेच त्याच्या रुजण्याच्या तऱ्हेत आहे. त्याच्या बीमधून आधी एक जाड नळी सरळ जमिनीत खोल उतरते, गर्भ तिच्या टोकाशी खाली नेला जातो आणि तेथून मग मूळ व कोंब सुटतात. या खोल गेलेल्या रोपाला कुंडी किंवा पिशवी पुरत नाही आणि उपटून दुसरीकडे लावले तर ते बहुधा दगावते. तेलंगण-आंध्रात हेच कोंब मुद्दाम भुसभुशीत मातीत वाढवून, उकडून खातात, आणि उन्हाळ्यात कोवळ्या फळांतले गर मुंजलु म्हणून रस्तोरस्ती विकले जातात. ओडिशात आणि बांगलादेशात अलीकडे विजेपासून माणसे वाचावीत म्हणून उघड्या शिवारात ताड लावण्याच्या सरकारी योजना निघाल्या. वळवाच्या विजांनी दरवर्षी माणसे आणि जनावरे गमावणाऱ्या मराठवाड्याला त्यात रस वाटेल, पण ज्या झाडाला माणसाच्या डोक्यावर जायलाच दशक लागते त्याच्याकडून तातडीचे संरक्षण मागता येत नाही. पिकलेली फळे पावसाळ्यात गळतात तेव्हाच बी जिथे झाड हवे तिथेच पुरावे. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि पहिला फुलोरा यायला बारा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, तोवर कोणते झाड फळ देईल हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून एकाऐवजी तीन-चार बिया पाच-सहा मीटरांच्या अंतराने पुराव्यात, आणि पहिली काही वर्षे जमिनीलगतची पाने शेळ्यांपासून वाचवण्यासाठी भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे.